विश्लेषण : थांब्यासमोर दिवा आहे, मग बस थांबवायला मोबाइलचा टॉर्च का लागतो?

बस थांबवायची तर हात दाखवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना त्यापुढचेही ठाऊक असते. अंधार पडला की हात पुरत नाही. मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि फोन छातीसमोर धरून हलवत राहायचा. नाहीतर चालकाला माणूस दिसेपर्यंत बस थांब्याच्या पुढे निघून गेलेली असते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी चिकलठाण्याच्या बाजूला माझे जाणे-येणे होते. संध्याकाळी परतताना हा प्रकार मी थांब्यावरच्या एका कामगार मावशींकडून शिकलो.

लक्षात राहिली ती मात्र वेगळीच गोष्ट. त्या थांब्यासमोर दिवा होता. बंद पडलेला नव्हे, चांगला लख्ख एलईडी. पण तो होता रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावरच्या खांबाला. त्याचा उजेड डांबरावर पडत होता आणि आम्ही चार-पाच जण डांबराच्या कडेला, झाडाखाली, काळोखात उभे होतो. कागदोपत्री त्या रस्त्यावर दिवाबत्तीची सोय होती.

छत्रपती संभाजीनगरमध्ये पथदिव्यांची चर्चा बहुतेक वेळा ‘दिवे बसले की नाही’ आणि ‘बसलेले चालू आहेत की नाही’ या दोनच प्रश्नांवर संपते. दिवा कोणासाठी बसवला, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पायी चालणाऱ्याच्या जिवाशी थेट संबंध आहे तो याच प्रश्नाचा.

हा विषय आताच का?

जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीपासून महापालिकेने मोठ्या रस्त्यांवरची बांधकामे हटवायला सुरुवात केली. जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा अशा रस्त्यांवर विकास आराखड्यातली रुंदी मोकळी करण्यासाठी जेसीबी फिरले. त्या पाडापाडीबद्दल शहरात दोन मते आहेत. ज्यांची दुकाने आणि घरे गेली, त्यांचा प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. इथे मुद्दा एवढाच, की या रस्त्यांच्या कडेला कित्येक वर्षांनी जागा मोकळी झाली. तिथे सर्व्हिस रोड, पावसाच्या पाण्याची गटारे, जलवाहिन्या, केबल असे बरेच काही येऊ घातले आहे. फुटपाथ, बसथांबा आणि त्यावरचा दिवा यांची जागा नकाशावर आधीच राखली नाही, तर त्यांना उरलेल्या जागेत बसवावे लागते. आपल्याकडे उरलेली जागा म्हणजे बहुधा गटारावरचे ढापे.

दुसरे कारण न्यायालयाचे आहे. १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने एस. राजसीकरन विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात स्पष्ट केले, की अडथळ्यांविना फुटपाथ वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने आणखी पुढचे आदेश दिले. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे आणि रस्त्यांच्या रचनेचे नियम राज्यांनी सहा महिन्यांत करावेत आणि केंद्राच्या अपघात अहवालात ज्या ५० मोठ्या शहरांची वेगळी नोंद होते, तिथल्या फुटपाथांचे आणि क्रॉसिंगचे ऑडिट व्हावे, असे हे आदेश आहेत. त्या ५० शहरांच्या यादीत ‘औरंगाबाद’ या जुन्या नावाने आपले शहरही आहे.

आणि तिसरे कारण म्हणजे महापालिकेची निवडणूक. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर वॉर्डातल्या दिव्यासाठी ज्याच्या दारात जाता येईल, असा माणूस पुन्हा मिळाला आहे.

पायी चालणारे किती मरतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यांत ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण कोणत्याही वाहनात किंवा वाहनावर नव्हता, तो फक्त चालत होता. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ मृत्यू झाले. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला तिसरा क्रमांक लागला.

अपघाताच्या बातमीत आपण ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार’ असे लिहितो. डेस्कवर बसून मीही अशी वाक्ये शेकड्याने टाइप केली आहेत. त्यात वाहन अज्ञात असते, वेळ बहुधा रात्रीची असते आणि तिथे उजेड होता का, याची नोंद जवळजवळ कधीच नसते.

खांब मोजायचे की उजेड?

उजेड लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर किती प्रकाश पडतो, त्याचे हे माप. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १९४४. त्यानुसार अतिशय वर्दळीच्या मुख्य रस्त्यावर सरासरी ३० लक्स, इतर मुख्य रस्त्यांवर १५, वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांवर ८ आणि कमी वर्दळीच्या रस्त्यांवर ४ लक्स प्रकाश हवा. ३० ते ४ ही उतरंड वाहनांची संख्या पाहून ठरवलेली आहे. ज्या बोळातून शंभर बाया रात्री दहाला कामावरून घरी चालत जातात, तो बोळ या हिशेबात सगळ्यात खाली येतो.

सरासरी हा शब्दही फसवा आहे. खांबाखाली ४० लक्स आणि दोन खांबांच्या मध्ये २ लक्स असले, तरी सरासरी छान दिसते. म्हणून मानकात उजेड सर्वत्र किती सारखा पडतो, याचीही अट आहे. मुख्य रस्त्यांवर सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या किमान ०.४ पट असावा. ही अट पाळायची तर खांबांची उंची, त्यांतले अंतर आणि दिव्याचा कोन यांचा मेळ घालावा लागतो. साधारण नऊ मीटर उंचीच्या खांबांत २५ ते ३० मीटरपेक्षा जास्त अंतर पडले, की मध्ये काळे पट्टे दिसू लागतात. रात्री गाडीतून जाताना ते जाणवत नाहीत, कारण गाडीचा स्वतःचा हेडलाइट असतो. चालणाऱ्याकडे तो नसतो.

आता गुंठेवारीतल्या वस्त्या घ्या. मिसारवाडी, नारेगाव, ब्रिजवाडी, जटवाडा रोड, सातारा-देवळाईचा मोठा भाग. इथे अनेक ठिकाणी पथदिव्याचा स्वतंत्र खांबच नसतो. महावितरणच्या विजेच्या खांबालाच दिवा अडकवलेला असतो. त्या खांबांतले अंतर तार किती ताणता येते आणि घरांना जोडणी कुठून द्यायची, यावर ठरलेले असते. उजेडाचा विचार त्यात कधीच नव्हता. दिवा बसतो तो खांब जिथे आहे तिथे, थांबा किंवा वळण जिथे आहे तिथे नव्हे. शिवाय एका पेटीवरून दहा-वीस दिवे चालत असतात. टायमर बिघडला किंवा केबल खोदकामात तुटली, की पूर्ण ओळ जाते. मग सात-आठ तक्रारी सात-आठ वेगळ्या खांबांच्या म्हणून नोंदल्या जातात आणि बिघाड असतो एकच.

बसथांब्यावर आणखी एक गमतीचा प्रकार दिसतो. निवारा असलेल्या थांब्यावर सगळ्यात उजळ चीज कोणती? जाहिरातीचा फलक. बसची वाट पाहणारा त्या फलकापुढे उभा असेल, तर येणाऱ्या चालकाला तो नुसती काळी आकृती दिसतो. आणि फलकाशेजारी उभा असेल, तर फलकाने दिपलेल्या डोळ्यांना तो दिसतच नाही. अर्थात, जाहिरात लागते तिथे निदान निवारा तरी असतो. जाहिरातदाराला ज्या रस्त्यात रस नाही, तिथे थांबा म्हणजे एखादी पाटी किंवा तेवढेही नाही. ‘पानटपरीसमोर’ हाच त्याचा पत्ता.

चालकाला माणूस किती लांबून दिसतो?

थोडे गणित करू. गाडीचा वेग ५० किमी असेल, तर ती सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काही दिसले, ते काय आहे हे कळले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरू. तेवढ्यात २१ मीटर गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून थांबायला आणखी १६ मीटर. एकूण ३७. वेग ६० असेल तर हेच अंतर ४८ मीटरच्या पुढे जाते आणि ३० असेल तर १८ मीटरवर येते.

डिपरवर असलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यातला माणूस चालकाच्या लक्षात येतो तो फार जवळ आल्यावर, साधारण ३० मीटरवर धरा. कंपनीचा निळा-करडा युनिफॉर्म, काळा बुरखा, थंडीतली गडद शाल, सगळे याच हिशेबात. ५० च्या वेगातल्या चालकाने ३० मीटरवर माणूस पाहिला आणि जीव तोडून ब्रेक दाबला, तरी धडकेच्या क्षणी गाडीचा वेग सुमारे ३३ किमी असतो. ६० च्या वेगातली गाडी तब्बल ५३ किमी वेगाने धडकते. सुरुवातीच्या वेगात फरक होता दहाचा, धडकेत तो वीसचा झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धडकेचा वेग ५० वरून ६५ किमी झाला तर पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट वाढतो. पावसात ब्रेकचे अंतर आणखी लांबते, तो हिशेब इथे धरलेलाच नाही.

उजेडाचे काम या गणितात नेमके कुठे? ३० मीटरचे १०० मीटर करणे. चालकाने लांबून पाहिले, तर त्याला ब्रेक करकचून दाबावाही लागत नाही, तो नुसता ॲक्सिलरेटर सोडतो.

पण त्यासाठी उजेड माणसाच्या अंगावर पडायला हवा, पायाखालच्या डांबरावर पडून भागत नाही. दिवा अगदी डोक्यावर असेल तर टाळू उजळते, छाती आणि चेहरा अंधारात राहतात. दिवा मागे असेल तर सावली दिसते. म्हणून झेब्रा क्रॉसिंगचा दिवा क्रॉसिंगच्या डोक्यावर नको, गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला क्रॉसिंगच्या थोडा अलीकडे हवा. फोटो काढताना आपण उजेड माणसाच्या समोरून घेतो, तेच तत्त्व. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ मध्ये अशा क्रॉसिंगसाठी शिफारस केली, की जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीला, उभा प्रकाश २० लक्स असावा. आपल्याकडच्या निविदांत वॅट, खांब आणि नग असतात. छातीच्या उंचीवर किती लक्स, हा रकानाच त्यांत नसेल, तर काम पूर्ण झाल्यावर तो तपासणार कोण?

खर्चाचे म्हणाल, तर यात नवीन काही घ्यायचे नाही. तोच दिवा, तोच खांब, दहा-बारा मीटर अलीकडे.

रस्ता रुंद झाला की ओलांडणे सोपे होते का?

नाही, अवघड होते. जालना रोडवरचे मुकुंदवाडी हे त्याचे सरळ उदाहरण. रस्त्याच्या दक्षिणेला रेल्वेमार्गापर्यंत पसरलेल्या कामगारांच्या वस्त्या आणि उत्तरेला चिकलठाणा एमआयडीसी. राहणे एका बाजूला, रोजगार दुसऱ्या बाजूला, मध्ये शहराचा सगळ्यात वाहता रस्ता. बसनेच जायचे म्हटले, तरी जाताना किंवा येताना एकदा रस्ता ओलांडावाच लागतो, कारण परतीची बस पलीकडच्या बाजूला थांबते. बसप्रवाशाच्या सुरक्षेची चर्चा थांब्यावर संपवता येत नाही ती यामुळेच. थांबा आणि क्रॉसिंग ही एकच गोष्ट आहे.

साडेतीन मीटरची एक लेन धरली, तर एका दिशेच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. माणसाचा चालण्याचा वेग अभियंते सेकंदाला १.२ मीटर धरतात. साडेदहा मीटरला नऊ सेकंद लागतात. ६० च्या वेगातली गाडी नऊ सेकंदांत १५० मीटर येते. हातात पिशवी, कडेवर मूल किंवा गुडघे धरलेली आजी असेल, तर १३ सेकंद आणि २०० मीटरहून अधिक. रात्री २०० मीटरवरचे दोन दिवे एका ट्रकचे आहेत की शेजारी-शेजारी चाललेल्या दोन दुचाकींचे आणि त्यांचा वेग किती, हे कडेला उभे राहून सांगून बघा.

आपण रुंदीकरणात लेन वाढवतो, तेव्हा हे सेकंद वाढतात. सर्व्हिस रोड केला, की मुख्य रस्त्याच्या आधी आणि नंतर आणखी एकेक रस्ता ओलांडायचा येतो. तिथे दुचाकी उलट दिशेनेही येतात, म्हणजे दोन्हीकडे बघायचे. बीड बायपासचा अनुभव ताजा आहे. नावाप्रमाणे तो शहराला वळसा घालणारा रस्ता होता. शहर त्याला ओलांडून सातारा-देवळाईत पसरले आणि बायपास वस्तीच्या मधोमध आला. अपघात इतके वाढले, की अवजड वाहनांवर वेळेची बंधने घालावी लागली. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाले, सोलापूर-धुळे महामार्गाची जड वाहतूक बाहेरच्या नव्या रस्त्याने जाऊ लागली. गाडीवाल्यांसाठी हे सगळे चांगलेच झाले. पण उड्डाणपूल वाहनाला चौकावरून नेतो, पादचाऱ्याला नाही. त्याने पुलाखालून, खांबांच्या आडून, अंधारातूनच जायचे.

मग पादचारी पूल बांधा, असे लगेच सुचवले जाते. वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची सोडायची, म्हणजे चढायला चाळीसेक पायऱ्या आणि उतरायला तितक्याच. आठ तास मशीनवर उभी राहिलेली बाई त्या चढेल? ती दुभाजकातल्या फटीतूनच जाणार आणि मग आपण तिला बेशिस्त म्हणणार.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. दुभाजकात क्रॉसिंगच्या जागी माणसे सुरक्षित उभी राहतील असा थांबा ठेवला, की रस्ता दोन तुकड्यांत ओलांडता येतो, एका वेळी एकाच दिशेकडे बघून. फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनच्या आकडेवारीनुसार अशा मधल्या थांब्याने पादचारी अपघात ५६ टक्क्यांपर्यंत घटतात आणि चौकातल्या दिव्यांमुळे रात्री जखमी होणाऱ्या पादचाऱ्यांचे अपघात ४२ टक्क्यांपर्यंत. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडची शिस्त वेगळी, हे मान्य. पण आपल्याकडे लेनची शिस्त कमी असेल, तर मधला थांबा जास्त गरजेचा ठरतो, कमी नव्हे. क्रॉसिंगची पातळी फुटपाथइतकी उचलून घेतली, तर ते आपोआप गतिरोधकाचे काम करते. रात्री अकराला सिग्नल ब्लिंकरवर गेला, तरी उंचवटा ब्लिंकरवर जात नाही.

थांब्याची जागाही नीट निवडायला हवी. क्रॉसिंगच्या अलीकडे बस थांबली, तर उतरलेला माणूस बसच्या पुढून ओलांडतो आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. क्रॉसिंग ओलांडून पुढे बस थांबली, तर माणूस बसच्या मागून ओलांडतो आणि मागून येणाऱ्याला दिसतो. एवढासा फरक आहे, तीस मीटरचा.

वस्त्यांत फुटपाथ का नसतो?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या नियमावलीत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, निवासी भागातही चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. फुटपाथची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण वीतभरापेक्षाही कमी. आपल्याकडे फुटपाथ असलाच तर गुडघ्याला येतो आणि दर गेटपाशी तुटतो.

सिडकोने १९७०च्या दशकात एन-१, एन-२ करत नवे शहर आखले, तेव्हा रस्ता, कडेची पट्टी आणि झाडे यांची जागा नकाशावर आधी ठरली आणि घरे नंतर आली. गुंठेवारीत उलटे झाले. शेत तुकड्यांत विकले गेले, वीस बाय तीसचे प्लॉट पडले आणि उरला तो रस्ता. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. त्याने घराचे कागद नियमित होतात. पंधरा फुटांचा रस्ता कागदाने रुंद होत नाही. अशा गल्लीत दोन्हीकडे १.८ मीटरचा फुटपाथ मागणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे गाड्याच हळू चालाव्यात, अशी रचना हवी. गल्लीच्या तोंडाशी उंचवटा, तोंडाशी आणि वळणावर दिवा, गटारावर सलग, न हलणारा ढापा.

आणि गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथपासून बसथांब्यापर्यंतचा तुकडा. तीनशे, चारशे मीटर. हा तुकडा बहुधा कोणाच्याच यादीत नसतो. गल्लीचे काम वॉर्डाच्या निधीतून होते, मोठ्या रस्त्याचे शासनाच्या निधीतून आणि थांब्याचे बससेवेच्या निधीतून. माणूस मात्र तिन्हींवरून एका दमात चालतो.

बायकांसाठी हा प्रश्न वेगळा का?

राज्याने २०१५ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून महिलांना रात्रपाळीची मुभा दिली, सुरक्षेच्या आणि वाहतुकीच्या अटींसह. कंपनीची गाडी मिळणाऱ्या कायम कामगारांचे ठीक आहे. पण वाळूज, रांजणगाव, चिकलठाणा, शेंद्रा भागात कंत्राटी कामगार, कॅन्टीनमधल्या आणि साफसफाईच्या बाया, मॉलमधल्या मुली यांची मोठी संख्या आहे. त्यांचा प्रवास गेटच्या बाहेर पडल्यावर सुरू होतो. घरी उशीर का झाला, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागते आणि अंधाऱ्या थांब्यामुळे नोकरी सोडलेली कोणत्याही नोंदीत येत नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेची सुरुवात मुनीरकाच्या बसथांब्यावर झाली होती. त्यानंतर निर्भया निधी आला आणि त्यातून ‘सेफ सिटी’ प्रकल्पासाठी देशातली आठ शहरे निवडली गेली. महाराष्ट्रातून त्यात एकटी मुंबई होती. दिल्लीत सेफ्टीपिन या संस्थेने गाडीवर मोबाइल लावून रात्री रस्त्यांची छायाचित्रे घेतली आणि २०१६ मध्ये सात हजारांहून अधिक काळोख्या जागांची यादी प्रशासनाला दिली. त्यातल्या अनेक जागा पुढे उजळल्या. यादी असली, की निदान विचारता तरी येते.

वस्तीतल्या उजेडाचा परिणाम मोजण्याचा नेटका प्रयोग न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली झाला. सरकारी घरांच्या सुमारे ८० वसाहतींपैकी ४० वसाहती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे जादा दिव्यांचे मनोरे लावले गेले. तिथे रात्रीच्या वेळी उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. दिवा लागला म्हणजे गुन्हा थांबला, इतके सरळ ते नसते. पण दिवा दुसऱ्या बाजूनेही काम करतो. उजेड असला की भेळवाला उभा राहतो, रिक्षा थांबते, माणसे रेंगाळतात. एकटीने थांबण्यापेक्षा ते बरे.

टोरंटोत १९९१ पासून रात्री नऊनंतर बाईला दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरता येते. चालकाला आधी सांगायचे, बस इतकेच. याला खांबही लागत नाही आणि निविदाही.

शहराने काहीच केले नाही का?

केले आहे आणि ते नाकारणे बरोबर नाही. अनेक वर्षे शहर बससेवा जेमतेम होती. डिसेंबर २०१८ मध्ये ‘माझी स्मार्ट बस’चे लोकार्पण झाले, जानेवारी २०१९ पासून ती धावू लागली आणि १०० बस घेतल्या गेल्या. बस जिथे पोहोचली, तिथल्या माणसाला थांब्याच्या अंधाराची तक्रार करता येते, हेही त्या बसचेच श्रेय. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत २०२२ मध्ये जी ११ शहरे विजेती ठरली, त्यांत औरंगाबाद होते. क्रांती चौक, कॅनॉट, पैठण गेट या भागांत चालणाऱ्यांना जागा देण्याचे प्रयोग झाले. रंग लागले, बाके आली.

मात्र ही सगळी ठिकाणे शहराच्या मध्यात आहेत. तिथे जाणारे बरेच जण गाडी लावून मग चालतात. ज्यांना चालण्यावाचून पर्याय नाही त्यांची वस्ती हर्सूलच्या पुढे, पडेगावच्या पलीकडे, रांजणगावात आहे. पुढचा प्रयोग तिकडे व्हावा, असे म्हणायला हरकत नसावी.

तक्रार करायची तर कोणाकडे?

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार पालिकेचे बंधनकारक काम आहे, ऐच्छिक नव्हे. पण शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचा नाही. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि काही राष्ट्रीय महामार्गाचे, औद्योगिक वसाहतीतले एमआयडीसीचे. वाळूजकडे तर सिडको वाळूज महानगर, एमआयडीसी आणि ग्रामपंचायती एकमेकांना लागून. रांजणगावच्या कामगाराने थांब्यापर्यंत जाताना तीन हद्दी ओलांडलेल्या असतात. तो तक्रार घेऊन गेला, की प्रत्येक जण पुढच्याचे ऑफिस दाखवतो.

कायद्यात धार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरवलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला किंवा कोणी जायबंदी झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. अंधाऱ्या थांब्याला मात्र अजून कोणी किंमत लावलेली नाही.

तक्रार टिकायची असेल, तर ती मोजमापासह द्यावी. ‘आमच्या भागात अंधार आहे’ या अर्जावर ‘दिवे सुरू आहेत’ असे उत्तर येते आणि ते खरेही असते. त्याऐवजी खांबावरचा क्रमांक लिहावा, रात्रीची वेळ लिहावी, थांब्यापासून दोन्ही बाजूंच्या दिव्यांचे अंतर पावलांनी मोजावे. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मोफत मिळतात. ती प्रयोगशाळेइतकी अचूक नसतात, पण खांबाखाली आणि थांब्यावर एकाच फोनने मोजले तर फरक कळतो. फोन आडवा धरून एकदा आणि छातीच्या उंचीवर, गाड्या येतात त्या दिशेला उभा धरून एकदा. मग समोरच्या बाजूला जाऊन थांब्यावर उभ्या माणसाचा फ्लॅश न लावता फोटो काढावा. फोटोत माणूस ओळखू आला नाही, तर चालकालाही आला नसणार.

मुकुंदवाडीसारख्या ठिकाणी तर याहून सोपे काम आहे. तिथे मोकळ्या झालेल्या कडेची अंतिम आखणी मागायची आणि तिच्यात तीन गोष्टी शोधायच्या : बसथांबा कुठे दाखवला आहे, त्याच्यापासून क्रॉसिंग किती मीटरवर आहे आणि दिव्याचा खांब दुभाजकावर आहे की कडेला.